गगनबावडा माझ्या आकड्यात कसा शिरला?

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कसबा बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमधला. मीही बावड्याचाच. पीएचडीसाठी करवीर संस्थानाविषयीचा बराच मजकूर टाइप करून ठेवलाय आणि त्यात आपलं गाव किती वेळा येतं ते मला मोजायचं होतं. एडिटर उघडला, कंट्रोल-एफ दाबून 'बावडा' शोधलं, आलेला आकडा प्रकरणात घातला आणि गाईड सरांना पाठवला. सरांनी एकच विचारलं, "अरे, यातला गगनबावडा वजा केलास का?"

नव्हता केला. शिवाय दुसरीही चूक होती, ती सरांनाही दिसली नव्हती. या ओळी तुमच्या एडिटरमध्ये टाकून बघा:

शाहू महाराजांचा जन्म कसबा बावड्यात झाला.
कसबा बावडा पंचगंगेकाठी आहे.
कसबे बावडे हे जुने गाव.
गगनबावडा तालुक्यात पाऊस फार.
बावडेकरांची जहागीर गगनबावड्याकडे होती.

'बावडा' शोधलं की दोन जागा सापडतात, दुसरी ओळ आणि चौथी. चौथी आपली नाही, आणि पहिली व तिसरी आपल्या असून निसटल्या. नको ते आलेलं निदान डोळ्यांना दिसतं, पण निसटलेलं स्क्रीनवर येतच नाही. धोका तिथे आहे.

इथे रेग्युलर एक्स्प्रेशन कामाला येतं. कल्पना मुळात गणितातली, स्टीफन क्लीनी यांची, १९५० च्या दशकातली. एडिटरच्या शोधात ती आणली केन थॉम्पसन यांनी. शोधाच्या पद्धतीवरचा त्यांचा लेख १९६८ चा. व्हीएस कोडमध्ये शोधखिडकीतलं .* हे बटण दाबा आणि लिहा:

बावड[ाे्]

चौकटी कंसाचा अर्थ 'यापैकी कुठलंही एक'. आपल्याला 'ड्या' हे एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ते ड, हलन्त, य आणि काना असं सुटं साठवलेलं असतं. म्हणून कंसात काना, मात्रा आणि हलन्त एकटे ठेवता येतात. (स्क्रीनवर ते ठिपक्यांच्या वर्तुळासकट विचित्र दिसतील, घाबरू नका.) आता सहा जागा सापडतात. निसटलेलं आलं, पण गगनबावडाही आला. त्याला असं अडवायचं:

(?<!गगन)बावड[ाे्]

म्हणजे 'आधी गगन नसेल तरच घे'. राहिल्या चार. 'गगन बावडा' असं तोडून लिहिलेलं असेल तर मात्र हे फसतं, त्यामुळे तसं आहे का ते वेगळं शोधून घ्या.

इंग्रजी ट्युटोरियल वाचून मी आधी शब्दाची सीमा दाखवणारं बॅकस्लॅश-बी लावलं होतं. उत्तर आलं शून्य! व्हीएस कोडमध्ये फाईलच्या आतला शोध जावास्क्रिप्टच्या नियमाने चालतो आणि तिथे 'शब्द' म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. आपला ब त्याच्या लेखी अक्षरच नाही. पायथनच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये अक्षरं चालतात, पण काना-मात्रा नाहीत, मग शब्दाच्या मधेच सीमा पडते. मराठीवर काम करणाऱ्याने शून्य आलं तर आधी पॅटर्नवर संशय घ्यावा, मग मजकुरावर.

त्या चारांतली शेवटची जागा 'बावडेकरांची'. शेवटी (?!कर) लावून ती उडवता येते. मी लावलं आणि परत काढलं. गगनबावड्याच्या पंत अमात्यांचं आडनाव बावडेकर, हे खरं. पण कसबा बावड्याचा माणूसही स्वतःला बावडेकरच म्हणवतो की! आणि नुसतं 'बावडा जहागीर' असेल तर तिथे गगन हा शब्दच नाही, तरी जागा गगनबावड्याची. हे कुठला पॅटर्न सांगणार? अशा ओळी वेगळ्या काढल्या आणि एकेक वाचल्या. दोन संध्याकाळी गेल्या.

प्रकरणात आता आकड्याखाली तळटीप आहे: कुठला पॅटर्न वापरला, कुठल्या ओळी वाचून ठरवल्या, आणि कुठल्या दोन्हीकडे बसतात म्हणून मोजल्याच नाहीत.