लोकलमधून पडल्यास दाद कोठें मागावी?

पावणे येथील कारखान्यांत जाणारीं माणसें कोपरखैरणे वा तुर्भे स्थानकावर उतरतात. गर्दीच्या वेळीं लोकलच्या दारांत लोंबकळणारा गृहस्थ कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. ता. ९ जून २०२५ रोजीं दिवा-मुंब्रा दरम्यान असेच प्रवासी पडून मृत्यु पावले. अशा प्रसंगीं दैवास बोल लावून स्वस्थ बसणें आम्हांस मान्य नाहीं. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणें, गाडींतून अपघातानें पडलेल्या प्रवाशास रेल्वेची चूक सिद्ध न करतांही भरपाई मिळते. मृत्यूबद्दल ती ८ लाख रुपये आहे. आत्महत्या, नशा वा स्वतःचा गुन्हा असल्यास मात्र नाहीं.

तिकीट सांपडलें नाहीं म्हणून पुष्कळ कुटुंबें खचतात. परंतु केवळ तेवढ्यानें दावा बुडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं रीना देवी खटल्यांत ठरविलें आहे. वारसांनीं प्रतिज्ञापत्रावर हकीकत मांडावी. कामावर जखमी झालेल्या रेल्वे-कामगाराची वाट निराळी: त्यास २०२५ पर्यंत १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा व २ वर्षांची मुदत लागू होती. प्रवाशाचा अर्ज मात्र रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे १ वर्षाच्या आंत जावा लागतो. तेव्हां सुतक फिटतांच पंचनाम्याची नक्कल व इस्पितळाचे कागद घरांतील शिकलेल्या मुलीनें वा सुनेनें एकत्र करावे. वर्षश्राद्धाची वाट पाहूं नये.