मोटारीतला घरगुती संगणक

दिघीहून मोटारीने कोल्हापूरला निघालात तर पाच-एक तास सहज जातात. मागच्या आसनावरच्या धाकट्या भावंडांना तेवढा वेळ गुंतवायचे कसे? रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याएवढा संगणक २०१२ साली बाजारात आला. त्याला लहानसा पडदा जोडा, गाणी आणि चित्रपट भरलेले कार्ड घाला, की झाली करमणूक! घरातल्या टेबलावर हे तासाभरात जमते. मोटारीत मात्र गाठ पडते ती विजेशी.

या संगणकाला नेमके ५ व्होल्ट लागतात. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची, असे आपण म्हणतो खरे. पण हा आकडा स्थिर मुळीच नसतो. सहा घटांची पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना जनित्र तो दाब १४ च्या आसपास नेते. आणि इंजिन सुरू करण्याच्या क्षणी स्टार्टर शंभरावर अँपिअर ओढतो, तेव्हा दाब ९-१० व्होल्टपर्यंत कोसळतो.

मग १४ चे ५ कसे करायचे? तुमच्यापैकी कोणी म्हणेल, मध्ये रोध घालून जादा ९ व्होल्ट जिरवून टाकू. जुन्या पद्धतीचे दाबनियंत्रक हेच करतात. हिशेब करून पाहा. संगणक आणि पडदा मिळून २ अँपिअर घेत असतील, तर कामी येतात १० वॅट आणि नुसती उष्णता होते १८ वॅट! ही सोय नव्हे, शेगडी झाली.

यावरची युक्ती जुनीच आहे. १९३० साली अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंनी ‘मोटोरोला’ हा मोटारीतला रेडिओ विकायला काढला. त्या काळच्या रेडिओतील निर्वात नळ्यांना शंभरावर व्होल्ट लागत, आणि मोटारीची बॅटरी ६ व्होल्टची. आरंभी रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या वागवाव्या लागत. पुढे कंपक आला. तो प्रवाह सेकंदाला शंभराहून अधिक वेळा तोडी आणि जोडी. मग रोहित्राने दाब चढवता येई. आपल्याला दाब उतरवायचा आहे, तरी मंत्र तोच. आजच्या परिवर्तकात ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो. तारेचे वेटोळे आणि धारित्र मिळून त्या तुकड्यांचा सलग प्रवाह बनवतात. ऊर्जेचा दहावा हिस्साच वाया जातो आणि बॅटरीकडून जेमतेम ०.८ अँपिअर घ्यावे लागतात.

बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर, अगदी बॅटरीजवळ, ३ अँपिअरची वितळतार हवीच. बॅटरीचा अंतर्गत रोध फार थोडा असतो. तार घासून पत्र्याला टेकली तर शेकडो अँपिअर वाहतील, आवरण पेटेल आणि मागे मुले बसलेली असतील. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून निर्धास्त राहणारे हेच विसरतात. म्हणून ही जोडणी मोटारीच्या वीजकाम करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्या. पडदाही चालकाला दिसणार नाही असा, मागच्या बाजूला लावा.

आता गाडी उभी असतानाचा प्रश्न. संगणक चालूच राहिला आणि पाव अँपिअर घेत राहिला, तर दिवसाला ६ अँपिअर-तास खर्च होतात. ४० अँपिअर-तासांची बॅटरी आठवडाभरात रिकामी! आजोबांना पहाटे दवाखान्यात न्यायचे असेल तर? बरे, किल्लीबरोबर प्रवाह झटकन तोडावा, तर कार्डावरचे लेखन अर्धवट राहून माहिती बिघडते. म्हणून थोडा वेळ थांबून प्रवाह तोडणारा रिले वापरतात. किल्ली फिरताच संगणकाला सूचना जाते, तो आवराआवर करतो आणि मग वीज बंद होते.

फिरत्या तबकडीची साठवण मात्र टाळा. तिचे वाचक टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरच वर तरंगते. दिघी-आळंदी रस्त्यावरचा एखादा गतिरोधक तिला पुरेल. एप्रिलच्या उन्हात बंद मोटारीत तापमान ६० अंशांच्या घरात जाते, तेव्हा संगणक काचेखाली न ठेवता आसनाखाली, हवा खेळेल असा ठेवा.

एक प्रयोग आज करता येईल. वडिलांना किंवा काकांना सोबत घ्या, बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावायला सांगा आणि तुम्ही आकडे वहीत उतरवा: इंजिन बंद असताना, सुरू होताना आणि चालू असताना. गाडी विजेवर चालणारी असेल तर नारिंगी तारांपासून दूर राहा. त्यांत शेकडो व्होल्ट असतात.