नाट्यप्रयोगांचे दप्तर

नाट्यसंस्थेने केलेल्या प्रयोगांच्या तारखा, स्थळे, कलावंत व तंत्रज्ञ यांच्या नोंदी आणि जाहिराती, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे इ. साधने यांचा सुव्यवस्थित संग्रह. संहिता छापली जाते व टिकते. प्रयोगाचा पुरावा मात्र या दप्तरातच उरतो. संगणकावर ते ठेवण्यास संबंधाधिष्ठित माहितीसंच (डेटाबेस) विशेष सोयीचा ठरतो.

मुंबईतील व्यावसायिक संस्थांच्या जाहिरातींत सामान्यतः प्रमुख नटांचीच नावे येतात. ऐनवेळी उभा राहिलेला बदली नट, प्रकाशयोजना सांभाळणारा, नेपथ्य लावणारे कामगार यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. या दृष्टीने हिशेबाची वही अधिक विश्वसनीय होय. कारण दर प्रयोगामागे मिळणारा मोबदला, म्हणजेच ‘नाइट’, प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. वृद्ध कलावंतांना शासनाकडून मानधन मिळविताना कामाचे पुरावे जोडावे लागतात. अशा वेळी या वहीतील एक ओळही मोलाची ठरते.

माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याची उपपत्ती संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये मांडली. प्रत्येक वस्तुस्थिती एकाच जागी लिहावयाची आणि अन्यत्र तिचा केवळ ओळखक्रमांक वापरावयाचा, असे तिचे सार सांगता येईल. नट शंभर प्रयोगांत असला, तरी त्याचे नाव एकदाच नोंदले जाते. चूक आढळल्यास दुरुस्तीही एकदाच करावी लागते.

नाट्यदप्तरासाठी संहिता, निर्मिती, प्रयोग, व्यक्ती व नाट्यगृह ही मुख्य कोष्टके लागतात. संहिता व निर्मिती यांत गल्लत करू नये. आचार्य अत्रे यांचे तो मी नव्हेच हे नाटक १९६२ मध्ये प्रथम नाट्यनिकेतनने रंगभूमीवर आणले. पुढे नाट्यसंपदेनेही त्याचे प्रयोग केले. येथे संहिता एक, निर्मिती दोन. म्हणून जाहिरातीत छापलेला प्रयोगक्रमांक हा ओळखक्रमांक मानणे धोक्याचे असते. केवळ तारीख आणि नाट्यगृह यांवरूनही प्रयोग निश्चित होत नाही. दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या नाट्यगृहात एकाच दिवशी सकाळ, दुपार व रात्र अशा वेगवेगळ्या सत्रांत प्रयोग होतात. सत्र लिहिले नाही, तर दोन प्रयोग एक होऊन बसतात.

याखेरीज ‘सहभाग’ हे जोडकोष्टक आवश्यक असते. त्यातील प्रत्येक ओळ एक प्रयोग, एक व्यक्ती व एक काम यांची सांगड घालते. तो मी नव्हेच मध्ये प्रभाकर पणशीकर (१९३१–२०११) अनेक रूपांत वावरत; तेव्हा एका प्रयोगासाठी त्यांच्या नावावर अनेक ओळी येतील. बदली नटाची ओळ नियमित नटाच्या ओळीइतकीच पूर्ण असते, हा या रचनेचा मोठा गुण होय.

प्रयोगाच्या ओळीत संस्थेसाठी एकच रकाना ठेवणे पुरेसे वाटते. पण मुंबईच्याच रंगभूमीवरील एका प्रसिद्ध प्रयोगाने ही समजूत खोटी ठरते. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मानापमान चा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व (१८८८–१९६७) भामिनीच्या आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले (१८९०–१९२१) धैर्यधराच्या भूमिकेत होते. हा प्रयोग कोणत्या एका संस्थेचा म्हणावयाचा? प्रयोग व संस्था यांच्यासाठीही जोडकोष्टक केले की प्रश्नच उरत नाही. बालगंधर्व हे नारायण श्रीपाद राजहंस यांचे रूढ नाव. त्यामुळे पर्यायी नावांचे कोष्टकही हवे. नाही तर एकाच नटाची दोन माणसे होतात.

ललितकलादर्शची धुरा पुढे वाहणारे भालचंद्र पेंढारकर (१९२१–२०१५) यांनी गिरगावातील साहित्य संघात झालेल्या अनेक नाट्यप्रयोगांचे ध्वनिमुद्रण करून ठेवले. असे ध्वनिमुद्रण नाटकाशी जोडले, तर त्यावरून केवळ पदे ऐकता येतात. विशिष्ट प्रयोगाशी जोडले, तर त्या रात्री साथीला कोण होते व कोणते पद गाळले गेले, हेही शोधता येते. फितीच्या वेष्टनावर तारीख नसेल, तर मात्र पुष्कळ खटपट करावी लागते.

संशयास्पद नोंद अंदाजाने पूर्ण करू नये. रकाना रिकामा ठेवावा आणि माहिती जाहिरातीवरून, वहीवरून की आठवणीवरून घेतली, हे शेजारी लिहावे. जाहिरात झालेले सर्वच प्रयोग होत नाहीत. म्हणून ‘रद्द’ अशी स्थिती नोंदण्याची सोयही असावी.

नाट्यगृहांच्या कोष्टकात आरंभ व समाप्ती यांची वर्षे घालावीत. आविष्कार (स्थापना १९७१) या संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके केली. तेथील प्रयोग पुढे थांबले. परळचे दामोदर नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये बंद झाले. वास्तू गेली म्हणून तिची ओळ पुसावयाची नसते, कारण तेथे झालेल्या सर्व प्रयोगांच्या ओळी तिच्या क्रमांकाचा आधार घेऊन उभ्या असतात.