कानालाही हवी फूटपट्टी

रात्री दोन वाजता झकास वाटलेले गाणे सकाळी चहा घेताना ऐकले तर कर्कश वाटते. गाण्यांचे मिक्सिंग करणाऱ्या बहुतेक ध्वनितंत्रज्ञांना हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. मधल्या काही तासांत संगणकावरच्या फाइलमध्ये काहीही बदललेले नसते. स्पीकर तेच असतात, खोलीही तीच असते. रात्री थकलेला असतो तो ऐकणाऱ्याचा कान.

मिक्सिंग म्हणजे स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेला गायकाचा आवाज, तबला, ढोलक, बास गिटार, व्हायोलिन यांचा समतोल साधून एकसंध गाणे तयार करणे. कोणता आवाज पुढे ठेवायचा, कोणता मागे, खर्ज किती, झणझणीतपणा किती, हे बहुतेक निर्णय कानानेच घ्यावे लागतात. अडचण अशी की, कान हे मोजमापाचे यंत्र नाही. तो तुलना करतो. म्हणून अनेक तंत्रज्ञ काम करताना उत्तम मिक्सिंग झालेले, स्वतःच्या पक्क्या ओळखीचे एखादे गाणे हाताशी ठेवतात आणि अधूनमधून ऐकतात. त्याला रेफरन्स ट्रॅक, म्हणजे संदर्भासाठीचे गाणे म्हणतात.

त्याची गरज का पडते, याचे उत्तर आपल्या श्रवणसंस्थेत आहे. आमटी करताना दहा वेळा चाखली की मीठ कळेनासे होते आणि घरातल्या दुसऱ्या कोणापुढे तरी चमचा धरावा लागतो. कानाचेही तसेच आहे. डोक्यावरच्या पंख्याची घरघर थोड्या वेळाने जाणवत नाही, कारण मेंदूने ती ‘नेहमीची’ ठरवलेली असते. चार तास एकच गाणे ऐकणाऱ्या तंत्रज्ञाचा मेंदूही त्या गाण्यातला जादा खर्ज किंवा टोचणारा तारस्वर असाच नेहमीचा ठरवून टाकतो. त्यातच आवाजाच्या बारकाव्यांची ताजी आठवण काही सेकंदच टिकते. चांगले मिक्सिंग कसे वाटते, हे नुसते आठवून ठरवता येत नाही. ते लगेच शेजारी ठेवून ऐकावे लागते.

शास्त्रीय गायकांना हे नवीन नाही. मैफलभर मागे तंबोरा वाजत असतो, कारण षड्ज केवळ मनात धरून ठेवण्यावर कोणी विसंबत नाही. मिक्सिंग करणाऱ्यामागे असा सतत वाजणारा आधार नसतो. त्याला तो आठवणीने, मुद्दाम ऐकावा लागतो.

आवाजाच्या पातळीनुसारही कान वेगवेगळा वागतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये हे आलेखाद्वारे दाखवले. पुढे झालेल्या मोजणीनुसार, १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झचा खर्ज सुमारे ६४ डेसिबलला वाजवावा लागतो. मूळ स्वर ८० डेसिबलचा असेल, तर हा फरक जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे हळू आवाजात खर्ज कमी वाटतो आणि आवाज वाढवला की तोच खर्ज भरदार वाटू लागतो. गाणे मात्र तेच असते.

म्हणूनच संदर्भाचे गाणे वापरताना दोन्ही गाण्यांची पातळी जुळवणे ही पहिली अट असते. बाजारात आलेले तयार गाणे बहुधा जास्त मोठ्या आवाजात घडवलेले असते. ते तसेच वाजवले, तर स्वतःचे काम लगेच फिके वाटते आणि तंत्रज्ञ सगळेच वाढवत सुटतो. एक-दोन डेसिबलचा फरकही अनेकदा ‘मोठा आवाज’ म्हणून न जाणवता ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. त्यामुळे आधी तयार गाण्याची पातळी खाली आणायची, मग दोन्ही गाणी काही सेकंदांच्या अंतराने आलटून पालटून ऐकायची. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा: गायकाचा आवाज वाद्यांच्या किती पुढे आहे? खर्ज किती आहे? घुमारा किती आहे?

या पद्धतीचा खरा फायदा असा की, दोन्ही गाणी त्याच खोलीतून, त्याच स्पीकरमधून आणि त्याच कानांतून मेंदूपर्यंत पोहोचतात. खोली खर्ज वाढवत असेल, तर तो दोन्ही गाण्यांत वाढतो. त्यामुळे उरलेला फरक बहुतांशी गाण्यांतलाच असतो.

ओळखीच्या ध्वनिमुद्रणाची ही ताकद स्टुडिओबाहेरही दिसली आहे. जर्मन अभियंता कार्लहाइन्झ ब्रॅण्डनबुर्ग आणि त्यांचे सहकारी एमपीथ्री हे तंत्र विकसित करत होते, तेव्हा अनेक ध्वनिमुद्रणे त्यातून बरी ऐकू येत होती. सुझान व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांशिवाय गायलेले गाणे मात्र बिघडलेले ऐकू आले. मागे वाद्ये नसल्याने दोष झाकायला जागाच नव्हती. मग हेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकून तंत्रात सुधारणा करण्यात आली.

तरीही या उपायाला एक मर्यादा आहे आणि ती थेट आरोग्याशी जोडलेली आहे. कानाला जे ऐकूच येत नाही, ते दोन्ही गाण्यांत ऐकू येणार नाही. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या नष्ट झाल्या, तर माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आवाजामुळे होणारे नुकसान बहुधा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसते. आवाजातील स्पष्टपणा आणि बोलण्यातील ‘स’सारखी व्यंजने ओळखण्यासाठी हाच भाग महत्त्वाचा असतो.

धोका हळूहळू वाढतो. मोठ्या आवाजात काही तास काम केल्यावर कान तात्पुरते मंदावतात. गाणे दबलेले वाटू लागते आणि हात आपोआप आवाज वाढवतो. वाढलेल्या आवाजाने कान आणखी मंदावतात. विश्रांतीनंतर ऐकू येणे पूर्ववत झाले, म्हणजे सारे काही ठीक आहे, असेही नाही. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दाखवले की, श्रवणक्षमता मोजणीत पूर्ववत आल्यावरही केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातील अनेक जोडण्या कायमच्या तुटलेल्या होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. दर तीन डेसिबल वाढीमागे हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याभरात जेमतेम चार तास उरतात. स्टुडिओत एका रात्रीत ते संपू शकतात.

इथे संदर्भाचे गाणे दुहेरी उपयोगी पडते. काम सुरू करताना ते मध्यम आवाजात लावायचे आणि बटणाची जागा खुणेने पक्की करायची. दोन-तीन तासांनी त्याच खुणेवर तेच गाणे दबलेले वाटले, तर कान थकले आहेत, असे समजायचे. अशा वेळी बटणाला हात न लावता खोलीबाहेर पडणे, शांततेत बसणे आणि उरलेले निर्णय सकाळवर ढकलणे हेच शहाणपणाचे. आवाजाशी रोजचा संबंध असलेल्यांनी ठरावीक काळाने श्रवणचाचणी करून घेणेही आवश्यक आहे.

ही कसोटी लोकलमध्ये इअरफोन लावून बसणाऱ्यांनाही वापरता येते. रविवारी सकाळी घरच्या शांततेत आवडीचे गाणे पुरेसे ऐकू येईल, इतका आवाज ठेवावा आणि फोनवरची पातळी लक्षात ठेवावी. कामावरून परतताना गाडीच्या खडखडाटात ती किती वर जाते, ते पाहावे. फरक मोठा असेल, तर बाहेरचा गोंगाट अडवणारे इअरफोन वापरावेत किंवा प्रवासात कानांना सुट्टी द्यावी. घरी शांततेतही तेच गाणे त्याच पातळीवर दबलेले वाटू लागले, कानात शिट्टी वाजत राहिली किंवा समोरच्याचे बोलणे अस्पष्ट वाटू लागले आणि हे दुसऱ्या दिवशीही कायम राहिले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. एका कानाचे ऐकू येणे अचानक कमी झाले, तर मात्र दुसऱ्या दिवसाचीही वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.