गुणसूत्रांची देवघेव

“हा मुलगा थेट आजोबांच्या वळणावर गेला आहे,” असें घरांतील वडील मंडळी कौतुकानें म्हणतात, तोंच दुसरें कोणी म्हणतें, “छे, डोळे तर आजीचे आहेत!” हा वाद सहसा मिटत नाहीं, आणि मिटूं नये हेंच बरें, कारण दोन्ही पक्षांचें म्हणणें खरें असूं शकतें. तें कसें, हें वाचकांस थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

आपल्या शरीरांतील बहुतेक पेशींमध्यें गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडींतील एक सूत्र पित्याकडून व दुसरें मातेकडून आलेलें असतें. सूत्र म्हणजे जणूं मण्यांची माळ, आणि एकेक मणी म्हणजे एकेक जनुक. जोडींतील दोन्ही माळांत मण्यांचा क्रम तोच. परंतु एखाद्या ठिकाणीं एकींत लाल मणी असेल, तर दुसरींत पांढरा.

पुढील पिढीला द्यावयाच्या बीजपेशी तयार होतात, तेव्हां प्रत्येक जोडींतून एकच माळ द्यावयाची असते. नाहीं तर सूत्रांची संख्या दर पिढीस दुप्पट होत जाईल. ज्या विभाजनानें ही संख्या निम्मी होते, त्यास अर्धसूत्री विभाजन म्हणतात. आतां पित्यानें आपल्या दोन माळांपैकीं एक जशीच्या तशी दिली असती, तर त्या माळेपुरतें मुलाला सगळें आजोबांचें तरी मिळालें असतें किंवा सगळें आजीचें तरी. तसें होत नाहीं. विभाजनापूर्वीं प्रत्येक सूत्राची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते. मग जोडींतील सूत्रें अंगाला अंग लावून उभीं राहतात, मण्याला मणी भिडतो, आणि जणूं चार पेडांची एक वेणी होते. स्पो-११ नांवाचें एक प्रथिन यांतील एखादा पेड मुद्दाम तोडतें. तुटलेला पेड सांधण्यासाठीं समोरच्या सूत्राच्या पेडाचा आधार घेतला जातो, आणि या सांधण्यांत कित्येकदां दोहोंचीं टोंकें आपसांत बदलून जातात. जी माळ मुलाच्या वांट्याला येते, ती आरंभीं आजोबांची व पुढें आजीची अशी निघते!

१९०९ सालीं बेल्जममधील धर्मगुरु व प्राध्यापक फ्रान्स आल्फोन्स यान्सेन्स यांनीं सॅलॅमँडर नामक प्राण्याच्या पेशींत हीं सूत्रें एकमेकांवर फुली करून पडलेलीं पाहिलीं, आणि त्या फुलीपाशीं सूत्रें तुटून जोडलीं जात असावींत असा तर्क केला. या तर्काचें सोनें झालें तें न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत. पिकलेल्या केळ्यांवर जीं चिलटें घोंगावतात, त्यांच्याच जातीचीं चिलटें टॉमस हंट मॉर्गन यांनीं बाटल्यांत पाळलीं होतीं. एका मादीच्या एका एक्स सूत्रावर पांढऱ्या डोळ्यांचें व आंखूड पंखांचें जनुक, आणि दुसऱ्यावर लाल डोळ्यांचें व लांब पंखांचें, असें समजा. नराला एक्स सूत्र एकच आणि तेंही आईकडून मिळालेलें. म्हणून आईनें काय दिलें, तें पुत्राच्या अंगावर उघड दिसतें. अशा मादीच्या सुमारें एक-तृतीयांश पुत्रांत डोळे एका माळेचे व पंख दुसरीचे आढळले. (गंमत अशी कीं, या जातीच्या नरांत अशी देवघेव मुळींच होत नाहीं.)

मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेंत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नांवाचा कॉलेजचा विद्यार्थी काम करीत असे. १९११ सालीं गुरूंशीं बोलतां बोलतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, दोन मणी जितके दूर, तितका मध्यें माळ तुटण्याचा संभव अधिक; मग फारकतीचें प्रमाण मोजून मण्यांमधील अंतर कां काढूं नये? आंकडे घेऊन तो घरीं गेला, आणि कॉलेजचा अभ्यास बाजूस ठेवून रात्रीचा बराच भाग जागला. (आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतील अभ्यास बाजूस ठेवण्याचा भाग तेवढाच उचलूं नये!) पिवळें अंग व पांढरे डोळे यांची फारकत शंभरांत सुमारें १ वेळ, म्हणून तीं जनुकें लगतचीं, पांढरे डोळे व आंखूड पंख यांची सुमारें ३३ वेळां, म्हणून तीं दूरचीं. या रीतीनें गुणसूत्राचा पहिला नकाशा तयार झाला. तो १९१३ सालीं प्रसिद्ध झाला. सूत्रांचे तुकडे प्रत्यक्ष बदलतात याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा मात्र १९३१ सालीं मिळाला. हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक या दोन स्त्रियांनीं मक्याच्या एका सूत्रावरील गांठ खूण म्हणून धरली, आणि दाण्यांचे गुण बदलले कीं खुणाही बदलतात, असें दाखविलें.

ही देवघेव केवळ वैचित्र्यासाठीं नाहीं. त्या फुलीनेंच जोडींतील सूत्रें वेळ येईपर्यंत एकत्र बांधलेलीं राहतात, व मग नीट दोन बाजूंस जातात. फुली पडली नाहीं किंवा भलत्या जागीं पडली, तर दोन्ही सूत्रें एकाच बीजपेशींत जाण्याचा धोका असतो. एकविसावें सूत्र असें अधिक आलें, तर मूल डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मतें. अशा वेळीं आईच्या खाण्यापिण्याला वा वागण्याला बोल लावण्याची चाल आहे. ती अन्यायाची आहे. आईच्या वयाबरोबर हा संभव वाढतो हें खरें. पण स्त्रीच्या बीजपेशींतील सूत्रांची देवघेव ती स्वतः गर्भांत असतांनाच उरकलेली असते. वाचकहो, ज्या बीजापासून तुम्ही झालां, त्यांतील माळांची तोडजोड तुमची आई जन्मण्यापूर्वीं, तिच्या आईच्या उदरांत झाली होती.