फ्रेंच नादप्रयोगांची जुळवाजुळव

लंडनमधील 'नर्स विथ वुंड' या गटाने १९७९ साली आपली पहिली एलपी काढली, तेव्हा तिच्यासोबत नावांची एक लांबलचक यादी दिली होती. जवळपास ३०० संगीतकार आणि वाद्यवृंद तीत होते. दुकानांत सहसा न मिळणाऱ्या, पण गटातील तरुणांना मोलाच्या वाटणाऱ्या संगीताची ती नोंद होती. पुढे कित्येक वर्षे जगभरचे संग्राहक ही यादी हाती घेऊन जुन्या ध्वनिमुद्रिका धुंडाळत राहिले. त्यातील बरीच नावे फ्रेंच होती. 'फाइंडर्स कीपर्स' या ब्रिटिश कंपनीने २०१९ मध्ये या यादीवर आधारित संकलने काढण्यास प्रारंभ केला, तेव्हा पहिला खंड फ्रान्सलाच वाहिलेला होता. यादी आणि संकलन यांच्यामध्ये ४० वर्षे गेली. फ्रेंच प्रायोगिक संगीताचे, विशेषतः साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील निर्मितीचे, संकलन करणे इतके अवघड का ठरते, याचे उत्तर त्या संगीताच्या जडणघडणीतच दडलेले आहे.

हे संगीत मुळात एका ठिकाणी नव्हतेच. त्याचे पहिले घर म्हणजे सरकारी नभोवाणी. पिएर शेफर या अभियंत्याने आगगाडीचे आवाज ध्वनिमुद्रित करून, त्यांची पुनर्रचना करून घडवलेली कृती ५ ऑक्टोबर १९४८ रोजी फ्रेंच नभोवाणीवरून ऐकवली गेली. वाद्यांऐवजी प्रत्यक्ष जगातील ध्वनी हाच कच्चा माल मानणाऱ्या या पद्धतीला त्याने 'म्यूझिक काँक्रेत' असे नाव दिले. १९५८ मध्ये त्यातूनच 'जीआरएम' हा संशोधन गट आकाराला आला. शेफरचा सिद्धांतग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९६८ मध्ये पॅरिसच्या संगीत महाविद्यालयात या विषयाचा वर्गही सुरू झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'ले शादोक' ही व्यंगचित्रमालिका दूरचित्रवाणीवर झळकली. तिचे संगीत याच वर्तुळातील रोबेर कोएन-सोलाल यांचे होते. प्रयोगशाळेतील आवाज अशा रीतीने थेट घराघरांत पोहोचले.

दुसरे घर खासगी होते. शेफरचा सहकारी पिएर आन्री १९५८ मध्ये नभोवाणीतून बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. नृत्यदिग्दर्शक मोरिस बेजार यांच्यासाठी त्याने मिशेल कोलोंबिए यांच्यासह केलेले 'मेस पूर ल तां प्रेझां' हे संगीत १९६७ च्या आव्हीन्याँ महोत्सवात सादर झाले. त्यातील 'सिके रॉक' हा तुकडा कमालीचा लोकप्रिय ठरला. गिटार आणि ढोलांच्या ठेक्यावर इलेक्ट्रॉनिक चीत्कार रचण्याची ती कल्पना पुढील पिढ्यांनीही उचलली. १९६९ मध्ये तर आन्रीने 'स्पूकी टूथ' या इंग्रज रॉक गटाबरोबर संपूर्ण एलपी केली. मात्र प्रयोगाचे श्रेय कोणाचे आणि मालकी कोणाची, हे प्रश्नही त्याबरोबर आलेच.

तिसरे घर छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे. मे १९६८ च्या उठावात विद्यार्थी आणि कामगारांबरोबर सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणीचे कर्मचारीही संपावर गेले होते. त्यानंतरच्या वातावरणात चान्सन, फ्री जॅझ आणि रॉक यांच्यामधील भिंती झपाट्याने कोसळल्या. पिएर बारू यांच्या 'साराव्हा' कंपनीसाठी गायिका ब्रिजित फोंतेन यांनी १९६९ मध्ये 'कॉम आ ला रादियो' ध्वनिमुद्रित केले. त्यात आरेस्की बेल्कासेम यांच्या सोबतीने 'आर्ट एन्सेंबल ऑफ शिकागो' हा कृष्णवर्णीय अमेरिकी जॅझ गट होता. हा गट त्याच वर्षी पॅरिसला आला होता. 'बीवायजी' कंपनीची 'आक्त्युएल' मालिका आणि जेरार तेरोनेस यांची 'फुतुरा' यांचाही आरंभ १९६९ चाच.

ही तिन्ही घरे एकाच काळातली आणि प्रामुख्याने एकाच शहरातली. तरीही दुकानात त्यांचे कप्पे वेगळे राहिले. नभोवाणीचे संगीत 'गंभीर' म्हणून एका बाजूला, फोंतेन गीतांच्या विभागात, तर 'आक्त्युएल' जॅझमध्ये. संकलनकर्ता या तिन्ही कप्प्यांतील रचना शेजारी शेजारी मांडतो, तेव्हा तो केवळ जुने संगीत पुन्हा उपलब्ध करून देत नाही. त्या काळाविषयी एक विधान करतो. म्हणूनच त्याच्या निवडीला वजन येते आणि तिची चिकित्साही आवश्यक ठरते.

पहिली अडचण भौतिक आहे. यातील बहुतेक रचनांची स्वरलिपी अशी नाहीच. ध्वनिफीत हीच मूळ कृती. सेकंदाला ३८ सेंटिमीटर या व्यावसायिक वेगाने एका मिनिटाला जवळपास २३ मीटर फीत लागते. ती ब्लेडने कापून, चिकटपट्टीने सांधून रचना घडे. काळाच्या ओघात सांध्यांचा गोंद वाळतो, तुकडे सुटतात. जुन्या अॅसिटेट फितींचा तर रासायनिक ऱ्हास होऊन त्यांना व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. चित्राची प्रत फिकी झाली तरी मूळ चित्र शिल्लक असते. येथे फीत गेली की मूळच गेले. त्यामुळे डिजिटल रूपांतर करताना कोणती फीत मूळ मानायची, खरखर किती काढायची आणि रचनाकाराला अभिप्रेत असलेली खरखर कोणती, हे निर्णय संपादकाला घ्यावे लागतात.

दुसरी अडचण स्वरूपाची. ल्युक फेरारी यांनी युगोस्लाव्हियातील व्हेला लुका या समुद्रकाठच्या गावी पहाटेचे आवाज ध्वनिमुद्रित केले. बोटी, माणसे, किडे यांच्यातून उजाडत जाणारा दिवस त्यांनी सुमारे २१ मिनिटांत बांधला. 'प्रेस्क रियाँ', म्हणजे 'जवळजवळ काहीच नाही', या नावाची ही कृती १९७० मध्ये एलपीवर आली. अनेकांच्या रचना एकत्र करणाऱ्या तबकडीत प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा मिनिटे येतात. पण पहाटेचा पाच मिनिटांचा तुकडा कापला, तर हळूहळू उजाडण्याची प्रक्रियाच नष्ट होते. संक्षेप येथे विपर्यास ठरतो.

एलियान रादिग यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६७ पासून त्या पिएर आन्री यांच्या सहायक होत्या. त्याच सुमारास ध्वनियंत्रांच्या फीडबॅकचा, म्हणजे यंत्राचा आवाज त्याच यंत्रात परतल्याने निर्माण होणाऱ्या नादाचा, उपयोग करून त्या स्वतःच्या रचना घडवू लागल्या. १९७० मधील त्यांच्या 'व्हिस-व्हर्सा, एत्सेतेरा' या कृतीच्या अवघ्या १० प्रती निघाल्या. तिच्यातील फिती कोणत्याही वेगाने, सुलट वा उलट वाजवण्याची मुभा ऐकणाऱ्याला होती. अशी रचना सीडीवर घ्यायची म्हणजे अनेक शक्यतांपैकी थोड्याच कायम करायच्या. तरीही ते घडले नसते, तर १० प्रतींबाहेर ती कोणी ऐकलीच नसती.

तिसरी अडचण कायद्याची. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणांच्या संरक्षणाची मुदत ५० वरून ७० वर्षांवर नेली. परिणामी १९६८ मध्ये प्रकाशित झालेली तबकडी २०३८ अखेरपर्यंत संरक्षित राहील. जीआरएम १९७५ मध्ये राष्ट्रीय दृक्श्राव्य संस्था 'इना'च्या छत्राखाली आला, त्यामुळे त्याचा संग्रह एका ठिकाणी सापडतो. छोट्या कंपन्यांचे तसे नाही. कंपनी बंद पडते, हक्क हस्तांतरित होतात, करारपत्रे हरवतात. परवानगी सहज मिळते तेच संकलनात येते, आणि संकलनात आले तेच पुढे इतिहास म्हणून उद्धृत होते.

संस्थात्मक प्रयत्नांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. 'इना-जीआरएम'ने २००४ मध्ये पाच सीडींचा अभिलेखसंच काढला. बेर्नार पार्मेजियानी यांच्या १२ सीडी २००८ मध्ये, फेरारी यांच्या १० सीडी २००९ मध्ये आणि रादिग यांच्या १४ सीडी २०१८ मध्ये आल्या. २०१२ पासून 'एडिशन्स मेगो' या व्हिएन्नातील कंपनीने जीआरएमच्या जुन्या रचना पुन्हा एलपीवर आणल्या.

या सालांचा क्रम मात्र अंतर्मुख करणारा आहे. शेफर आणि आन्री यांची नावे कधीच विस्मृतीत गेली नव्हती. त्यांच्याच वर्तुळात काम करणाऱ्या रादिग यांचा संच निघायला अर्धे शतक लागले. शेफरच्या ग्रंथाला पूरक म्हणून १९६७ मध्ये ध्वनिमुद्रिकांचा जो संच निघाला, त्याच्या निर्मितीत गी रीबेल यांच्याबरोबर बिआत्रिस फेरेरा या अर्जेंटिनातून आलेल्या संगीतकर्तीचाही वाटा होता. त्यांच्या स्वतंत्र रचनांकडे व्यापक लक्ष गेले ते अलीकडे. सहायक म्हणून नोंदले गेलेले नाव रचनाकारांच्या यादीत येण्यासाठी कोणीतरी फितींची पेटी उघडून त्या शेवटपर्यंत ऐकाव्या लागतात. ते होईपर्यंत साठच्या दशकातील फ्रेंच नादप्रयोगांचे प्रत्येक संकलन तात्पुरतेच मानायला हवे.