खाणीची जमीन पुन्हा गावाची

डिचोलीहून साखळीकडे जाताना वाटसरूला ज्या लाल टेकड्या दिसतात, त्यांतील कित्येक निसर्गाने घडविलेल्या नाहीत. खाणींतून उपसलेल्या मातीचे ते ढीग आहेत. १९५० नंतरच्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी येथील लोहखनिजाची निर्यात वाढली. एक टन खनिज हाती येण्यासाठी दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागे. दर पावसाळ्यात ती व्हाळांतून वाहत खालच्या भातशेतांत उतरली. लोहयुक्त गाळाचा थर बसला की जमीन घट्ट होते, निचरा खुंटतो व पीक रोडावते. खड्ड्यांतील पाण्याचा उपसा सुरू झाल्यावर शिरगावसारख्या गावांच्या विहिरीही आटल्या.

अशी भूमी पुन्हा माणसाच्या उपयोगी पडेल काय? साखळीच्या जुन्या सेसा खाणीने याचे आशादायक उत्तर दिले आहे. तेथील ढिगांना पायऱ्यांसारखा उतार दिला. चर व तळी खणून गाळ अडविला. प्रथम झपाट्याने वाढणारी अकेशियाची झाडे लावली, मग काजू, बांबू व स्थानिक वृक्ष. खड्ड्याच्या पाण्यात मासे पोसले गेले आणि फुटबॉल शिकणाऱ्या मुलांसाठी मैदानही झाले.

परंतु वाचकहो, हिरवी टेकडी म्हणजे परत मिळालेले शेत नव्हे. खाण बंद करण्याची योजना आधीच सादर करण्याचे बंधन २००३ मध्ये आले. खाणकाम संपल्यावर तेथे गवत व चारा उगवेल अशी जमीन करून देण्याची अट घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. खाण बंद करण्याची योजना मुख्यतः खाणपट्ट्याच्या हद्दीपुरती असते. गाळ मात्र हद्द ओळखत नाही. तो शेजारच्या कुळाच्या मळ्यात शिरतो. तेथे गाळ उपसणे, चुना व शेणखत घालणे, पाटांची दुरुस्ती करणे, ही कामे कोणी करावयाची?

२०१२ मध्ये व पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या. ढीग मात्र जागच्या जागी राहिले. २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. अमेरिकेतील १९७७ च्या कायद्यानुसार कोळसा खाणवाल्याला खणण्यापूर्वीच तारण द्यावे लागते, आणि जमीन पूर्ववत झाल्याखेरीज ते पूर्णपणे सुटत नाही. आपल्या ग्रामसभांनीही खालच्या शेतांचा व विहिरींचा हिशेब पहिली कुदळ पडण्यापूर्वीच मागावा. जेथे पूर्वी वायंगण पिकत असे, तेथे ते पुन्हा पिकेल, तेव्हाच जमीन परत मिळाली असे म्हणता येईल.